पुरवून पुरवून छत्तीस

जुन्या घरांमध्ये फोटोंच्या अल्बमच्या मागच्या कप्प्यात निगेटिव्हच्या पट्ट्या खोचून ठेवलेल्या असतात. त्यातला एखादा रोल खिडकीच्या उजेडासमोर धरून पहिल्या चौकटीपासून सलग बघावा. आमच्या घरच्या एका रोलवर पहिल्या तीन चौकटींत गणपती आहे. मग कोजागरीला गच्चीवर जमलेली मंडळी, दिवाळीचा किल्ला, मामेबहिणीच्या साखरपुड्याच्या सात चौकटी, मे महिन्यातलं गुहागर, आणि छत्तिसाव्या चौकटीत पुन्हा गणपती. मूर्ती वेगळी, मखर वेगळं. एक रोल वर्षभर पुरवला होता. वडील कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "नीट उभे राहा रे, रोल वाया जाईल."

कमी पैशांत फिल्मवर फोटो काढायला शिकायचं तर सगळी विद्या या एका वाक्यात आहे. या प्रकरणात आपण तिचीच उजळणी करणार आहोत: कॅमेरा कुठला घ्यावा, रोल कुठला, उजेड कसा ओळखावा आणि रोल घरी कसा धुवावा.

पैसे जातात कुठे

नवखा माणूस आधी कॅमेऱ्याची किंमत विचारतो. डिजिटलमध्ये ते ठीक आहे, कारण तिथे कॅमेरा घेतला की मोठा खर्च संपला. फिल्मचं गणित स्कूटरसारखं असतं. गाडी एकदाच घ्यायची, पेट्रोल मात्र भरतच राहायचं. समजा, रंगीत रोल, तो धुणं आणि स्कॅन करणं असे मिळून अकराशे रुपये लागले. छत्तिसाने भागलं की एका फोटोला तीस रुपयांच्या वर पडतात. म्हणजे प्रत्येक क्लिकला एक वडापाव आणि कटिंग चहा. महिन्याला असे दोन रोल काढले तर वर्षाचे सव्वीस हजार झाले. त्यापुढे तीन-चार हजारांचा जुना कॅमेरा म्हणजे काहीच नाही.

म्हणून कॅमेऱ्यावर कमीत कमी पैसे घालायचे आणि क्लिकचा भाव उतरवायचा. त्याच्या तीन वाटा आहेत: स्वस्त रोल वापरणं, रोल घरी धुणं आणि चौकटी वाया न घालवणं. तिसरी वाट फुकट आहे आणि फायदाही तिचाच सर्वांत जास्त.

माळ्यावरचा कॅमेरा आणि बाजारातला

माळा आवरताना हाती लागणारा कॅमेरा बरेचदा आग्फा क्लिक थ्री असतो. बडोद्याला तयार झालेला हा साधा डबा एके काळी घरोघरी होता. पण त्याला १२० नंबरचा रुंद रोल लागतो आणि त्यावर चौकोनी १२ फोटो निघतात. रोलची किंमत साधारण तेवढीच, फोटो मात्र एक तृतीयांश. क्लिकचा भाव एकदम तिप्पट झाला. आजोबांची आठवण म्हणून त्यावर एखादा रोल जरूर काढा, शिकण्यासाठी मात्र तो नको. १२६ किंवा ११० नंबरची काडतुसं लागणारे छोटे कॅमेरे तर शोभेलाच ठेवावेत, कारण त्यांचा रोल मिळवण्यातच दमछाक होते.

आपल्याला हवा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा. त्याची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. त्यातही तीन जाती आहेत.

पहिली जात सहलीच्या कॅमेऱ्यांची: याशिका एमएफ-२, कोडॅक केबी-१० वगैरे. फोकस ठरलेला, रोल भरायचा आणि बटण दाबायचं. हे अगदी स्वस्तात मिळतात आणि भर उन्हात चांगला फोटो देतात. एक खोड लक्षात ठेवा. यात आपण भिंगातून न बघता शेजारच्या छोट्या खिडकीतून बघत असतो. त्यामुळे बोट भिंगासमोर आलं तरी पत्ता लागत नाही.

दुसरी जात एसएलआरची. यात आरसा असतो आणि भिंगाला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. सोव्हिएत काळात मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला बनलेला झेनिट-ई हा त्यातला दणकट गडी. वजनाला वीट, शटरचा वेग १/३० पासून १/५०० पर्यंत, त्याचा मीटर सेलेनियमवर चालत असल्यामुळे सेलचीही गरज नाही. त्याच्यासोबत येणारं ५८ मिलिमीटरचं हेलिओस भिंग आजही लोक आवडीने शोधतात. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत राहिलेला पेंटॅक्स के-१००० हा तर विद्यार्थ्यांचाच कॅमेरा. सेल संपला तर त्याचा मीटर तेवढा बंद पडतो, शटर चालूच राहतं. निकॉन एफएम-१० याच पंगतीतला. यांपैकी चालू स्थितीत जो जवळपास मिळेल तो घ्यावा. नावापायी जास्त पैसे मोजू नयेत.

तिसरी जात हाफ-फ्रेमची, आणि ती तंगीतूनच जन्मली. १९५९ मध्ये जपानच्या ऑलिंपस कंपनीतल्या योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने 'पेन' नावाचा कॅमेरा केला. तो सहा हजार येनमध्ये विकता यावा, हे उद्दिष्ट आधीच ठरलेलं होतं. चौकट अर्धी केल्यामुळे छत्तिसाच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात. मोठ्या प्रिंटमध्ये दाणा थोडा उठून दिसतो, पण शिकणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. कोडॅकच्या नावाने येणारा एक्टार एच-३५ हा प्लॅस्टिकचा कॅमेरा याच तत्त्वावर चालतो आणि नवा कोरा मिळतो.

विकत घेण्याआधी

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि फोर्टातला बोरा बाजार ही जुन्या कॅमेऱ्यांची नेहमीची ठिकाणं. पण त्याआधी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप टाका. कुणा आत्याच्या कपाटात एखादा कॅमेरा साड्यांखाली झोपलेला असतोच.

हाती आलेला कॅमेरा असा तपासावा. मागचं झाकण उघडून, रोल नाही ना बघून, भिंग आभाळाकडे धरा आणि शटर दाबा. पडदा उघडून मिटताना दिसला पाहिजे. मग प्रत्येक वेगावर एकदा दाबा. १/३० चा आवाज आणि १/५०० चा आवाज कानाला वेगळे लागले पाहिजेत. भिंगातून तिरप्या उजेडात बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याच्या बंद केसमध्ये ठेवलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास लागते. थोडीशी असेल तर फोटोत जाणवत नाही, पण भाव पाडून मागायला कारण मिळतं. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने ती निघते. झाकणाच्या कडेचा फोम बोटाला काळा, चिकट लागला तर तो कुजला आहे आणि तिथून आत उजेड शिरणार. तो खरवडून त्या खाचेत काळी लोकर किंवा मखमलीची बारीक पट्टी चिकटवली की काम होतं.

मीटर बंद असेल तर घाबरू नका, घासाघीस करा. मीटरशिवाय कसं भागवायचं ते पुढे येतंच आहे.

रोल कुठला

भारतात एके काळी आपला स्वतःचा रोल बनत होता. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता आणि 'इंदू' या नावाने त्याची कृष्णधवल फिल्म देशभर जायची. तो बंद पडला. आज दुकानात दिसतो तो रोल बाहेरून येतो, आणि डॉलर चढला की त्याचा भावही चढतो.

रोलच्या डबीवरचा आयएसओचा आकडा म्हणजे फिल्मला उजेडाची भूक किती, याचं माप. १०० ला उजेड जास्त लागतो, ४०० ला कमी. बाहेर उन्हात फिरायचं असेल तर २०० पुरतो. घरात, संध्याकाळी, पावसाळ्यात ४०० हवा. रंगीत हवा असेल तर कोडॅकचे कलरप्लस किंवा गोल्ड हे २०० चे साधे रोल घ्यावेत. पण पैसे वाचवायचे असतील तर कृष्णधवलच बरा, कारण तो घरी धुता येतो. झेक प्रजासत्ताकात बनणारा फोमापान आणि इंग्लंडमध्ये इलफर्डच्याच कारखान्यात बनणारा केंटमियर हे त्यातले परवडणारे.

दोन ठिकाणी जपून. मुदत संपलेला रोल स्वस्तात मिळतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी तो आतून थकलेला असतो. फुकट मिळाला तर वापरा. दुसरं म्हणजे सिनेमाची फिल्म. लांब रिळातून कापून, डबीत भरून ती विकली जाते. तिच्या पाठीला बरेचदा कार्बनचा काळा थर असतो आणि तो नेहमीच्या लॅबचं रसायन खराब करतो. विकत घेताना तो थर काढलेला आहे का आणि रोल धुऊन कोण देणार, हे आधी विचारून घ्या.

उजेड डोळ्यांनी मोजणं

आता मीटरशिवाय. भर उन्हात, सावल्या काळ्या आणि धारदार पडलेल्या असताना, भिंगाचं छिद्र १६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याच्या जवळपास. २०० चा रोल असेल तर १/२५०, ४०० चा असेल तर १/५००. फोटोग्राफर याला 'सनी सिक्स्टीन' म्हणतात. सूर्य बदलत नाही म्हणून हा नियमही बदलत नाही.

तिथून पुढे सावल्या बघत खाली उतरायचं. सावलीच्या कडा मऊ झाल्या, विरळ ढग आले की ११. ढग आहेत आणि सावली पडतच नाही, तर ८. दाट मळभ असेल तर ५.६. उन्हातून वाड्याच्या पडवीत किंवा झाडाच्या सावलीत आलात की ४. १६, ११, ८, ५.६, ४ ही एक शिडी आहे. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट आत येतो. शटरचीही अशीच शिडी असते. १/२५० वरून १/१२५ वर आलात की उजेड दुप्पट. एका शिडीवर एक पायरी चढलात तर दुसरीवर एक उतरा, एकूण उजेड तेवढाच राहतो.

अंदाज चुकेल अशी धास्ती वाटत असेल, तर निगेटिव्ह फिल्मचा एक गुण कामाला येतो. थोडा जास्त उजेड ती निमूट सोसते, कमी पडलेला मात्र भरून काढता येत नाही. सावलीत फिल्मवर काही नोंदलंच गेलं नाही तर धुताना ते आणणार कुठून? म्हणून शंका आली की एक पायरी जास्त द्यावी. फोनवर फुकट मिळणारं लाइट मीटरचं अॅप सोबतीला ठेवा, पण आधी डोळ्यांनी आकडा ठरवा आणि मग ताडून बघा. दोन रोलनंतर अॅप क्वचितच उघडावं लागतं.

माझा पहिला कोरा रोल

मी स्वतः भरलेला पहिला रोल धुऊन आला तेव्हा लॅबवाल्या काकांनी काउंटरवर एक स्वच्छ पारदर्शक पट्टी उलगडून दाखवली. त्यावर काहीही नव्हतं. "कडेचे आकडे दिसतायत ना?" ते म्हणाले. "म्हणजे धुणं बरोबर झालंय. तुमचा रोल आत पुढे सरकलाच नाही."

ही खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि चौकटींचे आकडे कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात आणि ते धुतल्यावरच दिसतात. पट्टी कोरी पण आकडे आहेत, तर चूक फोटो काढणाऱ्याची. आकडेही नाहीत, तर चूक धुणाऱ्याची.

उपाय सोपा आहे. रोलचं टोक उजवीकडच्या रिळात नीट अडकवा, दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसू द्या आणि झाकण लावा. मग डावीकडची गुंडाळायची मूठ हलकेच फिरवून ढिली फिल्म ताणून घ्या. आता पुढे सरकवायचा खटका ओढताना ती मूठ आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली तर रोल चालतोय. फिरली नाही तर तुम्ही हवेत फोटो काढताय. रोल संपल्यावर तळाचं बटण दाबून फिल्म पुन्हा डबीत गुंडाळेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

न्हाणीघरातली लॅब

घरी फिल्म धुण्याची आपल्याकडची परंपरा थोर आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. पुढे दादरच्या घरात कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई करत. घरचा स्वयंपाक सांभाळून चाललेल्या या कामातून १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. आपल्याला तर फक्त छत्तीस चौकटी धुवायच्या आहेत.

लागतं ते असं: झाकणाचा डेव्हलपिंग टँक, आतलं रीळ, थर्मामीटर, मापाचा पेला आणि हात आत घालता येईल अशी काळी पिशवी. पिशवी नसेल तर रात्री दिवे घालवून न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल लावून काम भागतं. रीळ भरायचा सराव आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर करावा, प्रथम उजेडात आणि मग डोळे मिटून. टँकचं झाकण बसलं की पुढचं सगळं उजेडातच करायचं.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो, आणि फिक्सर उरलेले कण विरघळवून टाकतो. जुना आणि भरवशाचा डेव्हलपर म्हणजे डी-७६. त्याचं सूत्र जगजाहीर आहे: एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम टाकणखार. तयार पुडी मिळते, तीच नवख्याने घ्यावी. हातमोजे घालावेत, आणि टँक-पेले स्वयंपाकघरात परत न्यायचे नाहीत.

अडचण तापमानाची. सगळे तक्ते २० अंशांचे असतात आणि आपल्या नळाला मे महिन्यात तिशीपार पाणी येतं. इलफर्ड एचपी-५ ला पातळ न केलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. २४ अंशांना हीच वेळ सव्वापाच मिनिटांच्या आसपास येते. पाच मिनिटांच्या खाली गेलात तर डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. म्हणून रसायनाची बाटली घमेल्यातल्या पाण्यात ठेवून त्यात बर्फ घालावा. कोरड्या हवेच्या गावांत माठातलं पाणीही बरंच काम करतं. थर्मामीटर काय म्हणतो ते बघायचं.

डेव्हलपरनंतर साध्या पाण्याने विसळून फिक्सर. स्टुडिओवाले ज्याला 'हायपो' म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट. फिक्सर किती वेळ ठेवायचा, हे फिल्मलाच विचारावं. रोलच्या टोकाचा एक तुकडा कापून उजेडातच फिक्सरमध्ये टाका. दुधी तुकडा पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ द्या. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो झाडांना किंवा जमिनीत ओतू नये.

शेवटच्या धुण्याला नळ सोडून ठेवायची गरज नाही. टँक भरा, पाच वेळा उलटासुलटा करा, पाणी बदला. मग दहा वेळा, पुन्हा पाणी बदला, मग वीस वेळा. तीन टँक पाण्यात काम होतं. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या गावांत ही पद्धत सोन्यासारखी आहे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडू नयेत म्हणून अखेरची विसळणी इन्व्हर्टरमध्ये घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करावी. मग न्हाणीघरातच दोरीला चिमटा लावून पट्टी टांगायची, आणि खाली वजनाला दुसरा चिमटा.

याहून स्वस्त हवं असेल तर कॉफी. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या एका वर्गाने कॉफीतून डेव्हलपर करून दाखवला, आणि पुढे हौशी लोकांनी त्यात क जीवनसत्त्व मिसळून तो सुधारला. अर्धा लिटर पाण्यात २७ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा, मग ८ ग्रॅम क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड आणि शेवटी २० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. २० अंशांना पंधरा मिनिटं. सोडा धुण्याचाच आणि कोरडी भुकटी असलेला हवा. खड्यांच्या सोड्यात पाणी असतं, तो पावणेतीन पट घ्यावा लागतो. खाण्याच्या सोड्याने काम होत नाही. कॉफी चिकोरी नसलेली बघून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांत ती मिसळलेली असते आणि प्रमाण वेष्टनावर छापलेलं असतं. वास भयंकर येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

स्कॅनरवरही खर्च नको. टॅबलेटचा पडदा पांढरा करून, त्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर काच ठेवून, काचेवर निगेटिव्ह ठेवा आणि फोनने फोटो घ्या. ही उंची सोडली नाही तर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. कृष्णधवल फोटो उलटा करायला फोनमधलं साधं अॅप पुरतं.

छत्तिसाची वही

पहिल्या रोलचे तीन भाग करा. पहिल्या बारा चौकटी एकाच जागेला द्या, घराच्या अंगणाला किंवा चाळीच्या जिन्याला: सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. पुढच्या बारा एकाच माणसाला, इस्त्रीवाल्या काकांना किंवा आजीला. उरलेल्या बारा तुमच्या मर्जीच्या. खिशात छोटी वही ठेवा आणि प्रत्येक चौकटीचा नंबर, छिद्र, वेग आणि सावली कशी होती ते लिहा. रोल धुतल्यावर वही आणि निगेटिव्ह शेजारी ठेवून वाचा.

मग सुरुवातीचं गणित पुन्हा मांडा, पण या वेळी छत्तिसाने भागू नका. जेवढे फोटो भिंतीवर लावावेसे वाटतात तेवढ्यानेच भागा. अकराशे रुपयांत पाच चांगले निघाले तर एक दोनशेवीसला पडला. पुढच्या रोलमध्ये दहा निघाले तर एकशेदहाला. रोलचा भाव आपल्या हातात नाही, हा भाव मात्र आहे.

आमच्या घरच्या त्या वर्षभराच्या रोलचा हिशेब मी एकदा मांडला होता. छत्तीसपैकी वाया गेलेली चौकट एकच. साखरपुड्याच्या सातव्या फोटोत, मामेबहिणीच्या डोक्यावर, वडिलांचं बोट आलं आहे.